मतं जिंकली, करार कुठे आहे?



गोदामातल्या युनियनवर जीवरसायनशास्त्रातल्या बाईने का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. मी कामगार कायद्याची वकील नाही. पण आपल्यापैकी कितीतरी जण या कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहितात, आणि ज्यांना त्यांच्याशी काही देणंघेणं नाही त्यांच्याही निवृत्तीच्या पैशात त्यांचे शेअर असतातच. म्हणून हा विषय आपला आहे असं मला वाटतं.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर ॲमेझॉनचं जेएफके-८ नावाचं गोदाम आहे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या भीतीने तिथे निदर्शनं झाली. ती घडवणाऱ्या ख्रिश्चन स्मॉल्सला त्याच दिवशी काढून टाकलं. त्याने विलगीकरणाचा नियम मोडला, असं कंपनीचं म्हणणं. २०२१ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी कुठल्याही जुन्या युनियनचा आधार न घेता ‘ॲमेझॉन लेबर युनियन’ काढली. बसथांब्यापाशी तंबू, थंडीत शेकोटी, घरून शिजवून आणलेलं जेवण. समोर कोण होतं? कामगारांचं मन वळवणाऱ्या सल्लागारांवर ॲमेझॉनने २०२१ या एका वर्षात देशभरात सुमारे ४३ लाख डॉलर खर्च केले. हा आकडा सरकारदरबारी भरलेल्या कागदांतला आहे.

निवडणूक मागायला ३० टक्के कामगारांच्या सह्या लागतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये युनियनने सह्या दिल्या आणि नोव्हेंबरात अर्ज मागे घेतला, कारण सही करणारे बरेच जण तोवर नोकरीतच नव्हते! ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच वर्षी छापलं होतं की ॲमेझॉनच्या तासावर काम करणाऱ्यांची वर्षाची गळती सुमारे १५० टक्के आहे. प्रयोगशाळेत आम्ही फॉस्फरस-३२ वापरतो, त्याचं अर्धायुष्य चौदा दिवसांचं. आज मागवला आणि दोन महिन्यांनी वापरला तर हाती काही उरत नाही. सह्यांचं तसंच झालं. लोकांनी पुन्हा पहिल्यापासून सह्या गोळा केल्या, डिसेंबरात अर्ज केला, आणि १ एप्रिल २०२२ ला निकाल लागला: २,६५४ विरुद्ध २,१३१. अमेरिकेतल्या ॲमेझॉनमध्ये पहिल्यांदाच युनियन जिंकली.

टाळ्या वाजवून आपण सगळे इथेच थांबलो. मला बोलायचंय ते पुढचं.

१९३५ चा कायदा मालकाला सांगतो की युनियनशी प्रामाणिकपणे वाटाघाटी कर. करार केलाच पाहिजे, असं मात्र तो सांगत नाही. ॲमेझॉनने निकालालाच आव्हान दिलं. जून २०२४ मध्ये ही युनियन टीमस्टर्समध्ये सामील झाली, तेव्हाही करार झालेला नव्हता. दोन वर्षांच्या वर काळ गेला. त्या २,६५४ मतदारांपैकी किती जण त्या इमारतीत उरले असतील, गळतीचा आकडा घेऊन तुम्हीच गणित करा. वेळ काढणं हे कंपनीचं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात पहिला करार जमत नसेल तर लवाद तो ठरवून देऊ शकतो. तिथे काय झालं? झोंकिएरच्या वॉलमार्टमध्ये २००४ मध्ये युनियन आली. २००५ मध्ये लवादाची मागणी झाली आणि कंपनीने दुकानच बंद करण्याचं जाहीर केलं. सुमारे १९० माणसं घरी गेली. हे बेकायदा होतं असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, नऊ वर्षांनी. मे २०२४ मध्ये लावालच्या ॲमेझॉन गोदामात युनियन झाली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने क्वेबेकमधली सातही गोदामं बंद करून माल पोचवायचं काम ठेकेदारांना दिलं. सुमारे १,७०० कायम नोकऱ्या गेल्या. युनियनशी याचा संबंध नाही, असं कंपनी म्हणते. मला ते पटत नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. “युनियननेच मुंबईच्या गिरण्या बुडवल्या” हे वाक्य आपण सामानाबरोबर इकडे आणलेलं आहे. १९८२ च्या संपात डॉ. दत्ता सामंतांमागे सुमारे अडीच लाख कामगार गेले. पगार-बोनससोबत त्यांची एक मागणी होती, ती आपण विसरतो: मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. १९४६ च्या या कायद्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच मान्यताप्राप्त संघटना होती. आपला प्रतिनिधी मतपेटीतून निवडायची सोय गिरणी कामगाराला नव्हती. स्टेटन आयलंडच्या कामगाराला ती आहे, पण त्याच्या मताला करार बांधलेला नाही. दोन्हीकडे माणूस अडकतो, फक्त वेगळ्या दारात. गिरण्या कशाने गेल्या यावर जुनी यंत्रं आणि जमिनीचे भाव धरून एक वेगळी संध्याकाळ लागेल.

आणि आपण? १९४७ च्या दुरुस्तीने सुपरवायझरना या कायद्याबाहेर काढलं, पण इंजिनियर आणि संशोधक त्यात आहेत, एच-१बी व्हिसावरचेही. सहकाऱ्याशी पगाराबद्दल बोलणं हाही या कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या पार्ट्यांमध्ये घरांच्या किमती मोकळेपणाने सांगितल्या जातात, पगाराचा आकडा मात्र कुणी काढत नाही. हे कुणाच्या फायद्याचं आहे, यावर मला तुमचं मत ऐकायचंय.

प्रश्न घेऊ या.