हॉजसनची लाडकी कथा

बिअरच्या इतिहासात वाचकांची गर्दी होते ती एका ठरावीक ठेवणीच्या कथांपाशी. एक अडचण, एक हुशार माणूस, एक शोध. १७२२ साली लंडनच्या राल्फ हारवुडने पोर्टर ही काळी बिअर शोधली, ही त्यातलीच. सर्वांत लाडकी मात्र ‘इंडिया पेल एल’ची. हिंदुस्थानच्या लांबच्या सफरीत इंग्लंडची बिअर आंबून जाई, म्हणून लंडनच्या जॉर्ज हॉजसनने हॉप्सची कडू फुले वाढवून जास्त कडक बिअर गाळली, असे सांगतात. नावातच आपला देश असल्यामुळे आपल्याकडेही ती चवीने वाचली जाते. माझे म्हणणे असे, की ही कथा ज्या गुणांमुळे आवडते त्याच गुणांमुळे ती चुकते.

पुरावा पाहू. गरम मुलखात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हा सल्ला १७६०च्या दशकात बिअर गाळणाऱ्यांना सर्रास दिला जात होता. इंग्लंडच्या जमीनदारांच्या तळघरांत ऑक्टोबरात गाळलेली बिअर दोन-दोन वर्षे मुरत पडे. तिच्यापुढे केप ऑफ गुड होपला वळसा घालून होणारा चार-सहा महिन्यांचा प्रवास काय मोठा! आणि इंडिया पेल एल फार कडकही नव्हती. सहा टक्क्यांच्या आसपासचा मद्यार्क त्या काळी मध्यमच. मग हॉजसनच का? त्याची बो ब्रुअरी ली नदीच्या काठी होती आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे लागत ते ब्लॅकवॉल जवळच. या जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा माल नेऊन विकण्याची मुभा होती, आणि हॉजसन त्यांना दीड वर्षापर्यंत उधारी देई. त्याने कमावले ते या उधारीच्या वहीवर. पण उधारीची वही कोण हौसेने वाचणार?

कोणी म्हणेल, हॉप्समुळे बिअर टिकते हे तर खरेच ना? खरेच आहे, पण ते आधीच सर्वांना ठाऊक होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : गोड खोट्याने का होईना, वाचक इतिहासाच्या दारात येतो, मग बिघडले कुठे? बिघडते ते पुढे. एकच शोधक मानला, की हॉजसनच्या पेढीची पडझड कळेनाशी होते. १८२०च्या सुमारास तिने कप्तानांना वगळून हिंदुस्थानात स्वतःच विक्री करायचे ठरवले आणि कंपनीशी संबंधितांची नाराजी ओढवून घेतली. १८२२ मध्ये कंपनीचे संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या बिअर गाळणाऱ्या सॅम्युअल ऑल्सपना तशीच बिअर करायला सुचवले. रशियाच्या जकातीने बर्टनवाल्यांचा जुना बाजार तेव्हा बसलाच होता, आणि बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यात फिकट, कडवट बिअर लंडनपेक्षा सरस उतरे. जकात, पाणी, रुसवा, यांतला एकही धागा शोधकाच्या कथेत मावत नाही.

शिवाय ही पेल एल मुख्यतः साहेबांच्या मेजावरची. बराकीतल्या गोऱ्या शिपायासाठी सरकार पिंपेच्या पिंपे पोर्टर मागवत असे, आणि तीही तोच समुद्र ओलांडून पिण्याजोगी पोचत असे. त्या पोर्टरला हिंदुस्थानसाठी कोणी शोधले, असे कधी कोणी म्हटले नाही. म्हणून तिच्याविषयी वाचणारेही थोडेच.