न मागितलेली युक्ती

(आकाशवाणीवरील भाषण)

पेडणे तालुक्यातील धारगळ हे माझे गाव. पूर्वी ते महामार्गावरचे एक साधे खेडे होते. आता तेथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे मोठे रुग्णालय उभे आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. अशा कोणत्याही रुग्णालयात बाहेरच्या बाकावर तासभर बसून पाहावे. आत जाणारा प्रत्येक दुसरा रोगी वैद्याला आपले दुखणे थोडे आणि त्यावरचा उपाय फार सांगत असतो. कुणाच्या आत्याला अमुक मुळीने गुण आलेला असतो, कुणाच्या शेजाऱ्याने तमुक काढा घेतलेला असतो. वैद्य मान डोलावतात, "बरे" म्हणतात आणि नाडी पाहू लागतात. रोगी मनात खट्टू होतो. इतकी मोलाची गोष्ट फुकट सांगितली आणि या गृहस्थांनी ती टिपूनसुद्धा घेतली नाही!

श्रोतेहो, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी आलेला असेल. आपण नाटकवाल्याला विषय सुचवतो, संपादकाला सदर सुचवतो, सुताराला जोड सुचवतो. ज्याने त्या कामात जन्म घालवला, तो ऐकून घेतो आणि आपल्या कामाला लागतो. मग आपण म्हणतो, हे लोक गर्विष्ठ आहेत, यांना नवे काही नको आहे. हा आरोप कितपत खरा, याचा आज थोडा विचार करू. तो करण्याचा अधिकार मला आहे असे वाटते, कारण मी या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे आणि दोन्हीकडे चुकलो आहे.

अभियांत्रिकीची परीक्षा देऊन मी नुकताच गावी आलो होतो. शापोरा नदीच्या काठी खाजन शेती आहे. खारे पाणी बांध घालून बाहेर ठेवावयाचे आणि आतल्या जमिनीत पावसाळी भात घ्यावयाचे, ही आपल्या गोव्याची फार जुनी विद्या. या बांधात पाण्यासाठी जे दार असते त्याला मानस म्हणतात. एका मानशीची राखण करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना मी आजोबा म्हणत असे. मानशीची लाकडी दारे पाहून मी म्हणालो, "आजोबा, ही जुनाट फळकुटे कशाला? लोखंडी दार बसवा, वर एक चाक लावा. चाक फिरवले की दार उघडेल, उलट फिरवले की मिटेल."

आजोबा म्हणाले, "मात्सो राव." थोडा थांब. एवढेच. त्यांनी विडी पेटवली आणि माझी युक्ती नदीच्या वाऱ्यावर सोडून दिली.

भरती येऊ लागली तेव्हा त्यांनी मला खाली पाहावयास सांगितले. नदीचे पाणी चढले तसे त्याच्याच दाबाने दार आपोआप मिटले. काही तासांनी ओहोटी लागली, आतल्या पाण्याचा जोर अधिक झाला, आणि दार आपोआप उघडून शेतातले जादा पाणी बाहेर पडू लागले. मग आजोबा बोलले. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज पाऊण तासाहून अधिक पुढे सरकते; आज दुपारी आलेली भरती आठवड्यानंतर संध्याकाळी येणार आणि तिची जोडीदारीण पहाटे. तुझे चाक फिरवावयास तेव्हा कोण येणार? लोखंड खाऱ्या पाण्यात किती पावसाळे टिकणार? आणि लाकूड पाण्याने फुगते व फटी बुजवते, ते काम लोखंड करील काय?

त्यांनी मला पदवी विचारली नाही की हिणवले नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट मला उमगली. मला जी युक्ती वाटत होती, ते त्यांच्या दृष्टीने एका लांब हिशेबातले एक सुटे कलम होते. त्या कलमाच्या मागची वजाबाकी मला दिसत नव्हती. अनुभवी माणूस आपल्या कल्पनेने दिपत नाही याचे पहिले कारण हेच. कल्पना आपल्याला नवी असते; त्याच्याकडे ती यापूर्वी दहा वेळा येऊन गेलेली असते, आणि ती का टाकून द्यावी लागली हेही त्याला ठाऊक असते.

दुसरे कारण असे की, कल्पना हा कामाचा सर्वांत हलका भाग आहे. आमच्याच तालुक्यातून कोकण रेल्वेचा पेडणे बोगदा जातो. लांबी सुमारे दीड किलोमीटर. गाडी तो बघता बघता ओलांडते. डोंगर आडवा आला तर त्याला भोक पाडावे, ही कल्पना शाळकरी मुलालाही सुचेल. परंतु येथे खडक नव्हता. पाण्याने भिजलेली मऊ चिकणमाती होती. सुरुंग लावण्याची सोय नाही, खोदावे तो छत खाली येई. पुन्हा पुन्हा ढासळणाऱ्या त्या मातीत माणसांनी वर्षांमागून वर्षे काढली. साऱ्या मार्गावर सर्वांत अखेरीस जी कामे हातावेगळी झाली त्यांत हा बोगदा होता, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. तरीही २०२४ च्या जुलैत याच बोगद्यात पाणी फुटून गाड्या अडल्या. ज्याने ही माती हाताळली आहे, त्याला खिडकीतून सुचलेल्या उपायाचे कौतुक कसे वाटावे?

तिसरे कारण अधिक गंभीर आहे. युक्ती फसली तर तिची किंमत कोण देतो? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी भीती शेतकऱ्यांनी घेतली, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. आज आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. त्यांची समजूत चुकीची होती हे खरेच. परंतु त्यांची सावधगिरी चुकीची नव्हती. कारखानदाराचा नांगर फसला असता तर एक माल फसला असता. शेतकऱ्याचा हंगाम फसला तर घरात वर्षभर चूल पेटण्याची पंचाईत. सुचविणारा काठावर असतो आणि करणारा पाण्यात. पाण्यातल्या माणसाने काठावरच्याचे बोलणे तोलून घेतले, तर त्याला गर्व म्हणू नये.

मग न मागितलेली कल्पना घेऊन जाऊच नये काय? जावे, पण कशी न्यावी हे दादासाहेब फाळक्यांपासून शिकावे. १९१२ साली ते लंडनला गेले आणि 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. त्या जाणत्या गृहस्थांनी त्यांना या धंद्यात न पडण्याचाच सल्ला दिला. फाळक्यांची चिकाटी पाहून मात्र त्यांनीच त्यांची हेपवर्थ या चित्रपटकाराशी गाठ घालून दिली. परत आल्यावर भांडवल हवे होते. फाळक्यांनी सावकारापुढे केवळ शब्दांचे मनोरे उभे केले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली, आणि बीजाचा वेल होताना पडद्यावर दाखवला. जे बोलून पटले नसते ते पाहून पटले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. कल्पना तोंडी होती तोवर ती फाळक्यांची हौस होती. वाटाण्याचा अंकुर हलला तेव्हा ती वस्तू झाली.

येथवर मी जाणत्यांची वकिली केली. आता माझी दुसरी चूक सांगतो.

पुढे मीच बांधबंदिस्तीच्या कामावर अधिकारी झालो. सूचना करणारे रोज येत आणि मीही आजोबांसारखी मान डोलावण्यास शिकलो. भाद्रपदात एके दिवशी गुरे राखणारा एक मुलगा आला. "साहेब, बांधाच्या आतल्या अंगाला पाणी पाझरते. तेथे चिरे टाका," असे तो म्हणाला. वरून चिरे टाकून पाझर थांबत नाही, हे मला ठाऊक होते. मी "पाहू" म्हटले आणि कागदात डोके घातले. जाता जाता तो म्हणाला, "पाणी गढूळ आहे."

हे तीन शब्द मी ऐकले, पण माझ्या मनात शिरले नाहीत. बांधातून नितळ पाणी पाझरते तेव्हा काळजी असते. गढूळ पाझरते तेव्हा बांध आतून धुऊन चाललेला असतो. हे मी पुस्तकात शिकलो होतो, इतरांना शिकविलेही होते. पण मुलाचा उपाय चुकीचा म्हणून मी त्याची खबरही टाकून दिली. तिसऱ्या रात्री अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. पोटरीला आलेल्या भातात खारे पाणी शिरले. त्या वाड्याने ते पीक गमावले, आणि जमिनीतले मीठ धुऊन निघेपर्यंत पुढच्या पिकाचीही शाश्वती राहिली नाही. मला कोणी बोल लावला नाही. तो मुलगा पुन्हा माझ्याकडे कधी काही सांगावयास आला नाही, ही शिक्षा मला पुरेशी झाली.

तेव्हापासून मी एक नियम पाळीत आलो. समोरचा उपाय सांगू लागला की मी उपाय बाजूला ठेवतो आणि विचारतो, "तुम्ही काय पाहिले?" उपाय दहांतले नऊ निरुपयोगी असतात, पण पाहणे क्वचितच निरुपयोगी असते. वैद्यासमोर बसणाऱ्यानेही आत्याचा काढा घटकाभर विसरून आपली झोप, भूक आणि वेदना नीट सांगावी. वैद्य लगेच कान टवकारतील. आणि जाणत्यानेही ध्यानात ठेवावे की, सामान्य माणूस अनेकदा आपली खबर युक्तीच्या वेष्टनात गुंडाळून आणतो, कारण नुसती खबर सांगण्यास त्याला संकोच वाटतो. वेष्टन फेकून द्यावे, आतली वस्तू फेकू नये.

आजोबांनी माझे चाक नाकारले, पण मला भरती येईपर्यंत बसवून घेतले. मी त्या मुलाला बसावयास सांगितले नाही.