नारोशंकराची घंटा : आकार आणि काम

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, ‘तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल.’ मी सॉफ्टवेअरमधली. वेळेवर इशारे पाठवणाऱ्या प्रणाली तयार करणं हे माझं काम. म्हणून आपल्या नाशिकमधल्याच एका जुन्या इशारायंत्राबद्दल बोलते : पंचवटीतल्या नारोशंकर मंदिराची घंटा.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. आपली घंटा त्यांतलीच. मंदिर १७४७ सालचं, घंटेवरचं साल मात्र १७२१.

आधी आकार पाहू. घंटेचं कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. हा धातू कडक आणि ठिसूळ, त्यामुळे नाद बराच वेळ टिकतो. काठ सगळ्यात जाड, आणि लोलक तिथेच आदळतो. टोला पडला की गोल काठ क्षणात लंबगोल होतो, पुढच्या क्षणी काटकोनातल्या दिशेने लंबगोल. हीच थरथर आपल्याला ऐकू येते. त्याच घाटाची घंटा दुप्पट मोठी केली, तर स्वर एक सप्तक खाली उतरतो, पण वजन आठपट होतं! गंभीर नाद हवा असेल तर एवढं धूड ओतावंच लागतं.

आता काम. चर्चमध्ये एकजण दोर ओढतो आणि सगळं गाव ऐकतं. देवळात ज्याची त्याने घंटा वाजवायची, आपण आल्याची वर्दी देवाला द्यायची. आपली घंटा प्रवेशद्वारावर उंच टांगलेली, तिला नाशिककरांनी तिसरंच काम दिलं. पूर मोजताना आधी दुतोंड्या मारुती बघायचा : गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, डोक्यावरून पाणी. आणि ‘नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं’ म्हटलं की महापूर! घंटा वाजवायचीही गरज नाही.

धातू तोच, घाट तोच, अर्थ मात्र ऐकणाऱ्यांनी ठरवला. माझ्या कामातही हेच दिसतं. इशारा पोचणं सोपं, समजणं अवघड. आज मोबाइलवर इतके इशारे येतात की आपण न वाचताच पुसतो. आणि नव्या वसाहतींत वाढलेल्या मुलांना घंटेला पाणी लागणं म्हणजे काय, हे ठाऊक नाही. अर्थ सांगणारं कुणी उरलं नाही, की इशारा संपला.

म्हणून एक विनंती. या सुट्टीत मुलांना गोदाकाठी न्या. मारुती दाखवा, घंटा दाखवा, आणि पाणी कुठवर आलं की काय करायचं, तेही सांगा.