मेक्सिकोतलं जेवण आणि वर्ध्याचा माणूस

आपल्या सिहोरा-तुमसर भागात धानाच्या भातावर वाढलेला कुणी मेक्सिको सिटीला गेलाच, तर त्यानं बारालाच जेवायची घाई करू नये. तिथलं मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या सुमारास असतं. जुन्या शहरात ‘काफे दे ताकुबा’ हे उपाहारगृह 1912 पासून चालू आहे. तिथं एंचिलादा मागवावं, म्हणजे मक्याच्या पोळीत कोंबडीचं सारण आणि वर रस्सा, चीज. शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. तिकडे घेवड्यातही अनेकदा डुकराची चरबी असते.

ती पोळी करणं सोपं नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजू देतात, धुऊन सालं काढतात आणि मग वाटतात. त्यामुळे पीठ चांगलं मळता येतं, शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला, ही कृती नेली नाही; मग मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा रोगानं गाठलं.

जेवून झाल्यावर चालतच शिक्षण मंत्रालयाची इमारत गाठावी. तिथं चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या एका भित्तिचित्रात जेवणाच्या टेबलाशी पाव मोडणारा माणूस आहे. ते डॉ. पांडुरंग खानखोजे, असं मानलं जातं. वर्ध्यात जन्मलेले हे ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीतले क्रांतिकारक पुढे मेक्सिकोतल्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि त्यांनी मक्याच्या नव्या वाणांवर काम केलं. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. 1967 मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं.