नियम एक, भार वेगळा
(सिंदी (रेल्वे) येथील व्याख्यान)



मार्च २०२० मध्ये टाळेबंदीचा एकच हुकूम साऱ्या देशास लागू झाला. सर्वांस एक नियम म्हणजे सर्वांस सारखा न्याय, असे आपणांस सांगण्यात येते. हे म्हणणे कितपत खरे आहे, याचा आज विचार करावयाचा आहे.

रोगास जात नाही, धर्म नाही. म्हणून गर्दीचा नियम सर्वांस एकच असावा. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक आरोग्याच्या अधीन आहे. आपल्या समाजाने हे बंधन पाळले. त्या वर्षी १४ एप्रिलची जयंती घरोघरी झाली. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर सोहळा झाला नाही. संतांच्या पादुकाही एस. टी. ने पंढरपुरास गेल्या. परंतु माप सर्वत्र एकच राहिले काय? २१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील तीन जैन मंदिरांस पर्युषणातील पूजेची मुभा दिली व ती इतरांस लागू नाही असे सांगितले. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. त्यांस बळीचा बकरा केले गेल्याचा संभव न्यायालयाने बोलून दाखविला.

दुसरा प्रश्न पोटाचा आहे. 'घरात राहा' हा हुकूम पगारदारास व रोजमजुरास शब्दाने सारखाच होता. तुमच्या याच लोहमार्गावर मालगाड्या चालू होत्या. मजुरीसाठी नागपूर-वर्ध्यास जाणाऱ्याची गाडी मात्र बंद होती. गाड्या बंद आहेत असे समजून करमाडजवळ रुळांवर निजलेले १६ मजूर ८ मे २०२० रोजी मालगाडीखाली मेले. ते पायी आपल्या गावी निघाले होते. १४ वा अनुच्छेद समानांस समान वागवावयास सांगतो; ज्यांची स्थितीच विषम आहे त्यांवर सारखाच भार लादणे ही समता नव्हे.

पुन्हा असा प्रसंग आल्यास आरोग्याचा नियम पाळा, परंतु मुकाट्याने अन्याय सोसू नका. हुकूम कोणत्या कायद्याखाली व किती दिवसांचा आहे, हे वाचून घ्या. घरी बसविलेल्या मजुराच्या अन्नाची सोय काय, हे सेलूच्या तहसीलदारांस लेखी विचारा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकाधारक पात्र कुटुंबास मिळणारे धान्य हा हक्क आहे, भीक नव्हे. अटक झाल्यास २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे कारण विचारा व वकील मागा.

आपणांस खास सवलत नको. जे माप इतरांस, तेच आपणांस मिळावे. आणि ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याचा विचार हुकूम लिहितानाच व्हावा.

जय भीम!