बहुगुणित खुंटावरील कलमे



वसमतच्या बाजारात येणारी हळद कोणी बी पेरून घेत नाही. बेणे लावूनच घ्यावी लागते. याचे कारण तिच्या पेशींत आहे. हळदीच्या पेशीत ६३ गुणसूत्रे असतात. ती तीन संचांची असल्याने बीजधारणेच्या वेळी त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. देशी कापसात गुणसूत्रे २६, तर अमेरिकन कापसात ५२. तेव्हा ‘बहुगुणित वनस्पती’ हा शब्द प्रयोगशाळेतला वाटला, तरी ती वस्तू हिंगोली जिल्ह्याच्या शिवारात केव्हाचीच नांदत आहे.

निसर्गात सावकाश घडणारी ही गोष्ट माणसाला हेतुपूर्वक घडविता येते, हे अमेरिकेतील ब्लेकस्ली व ॲव्हरी यांनी १९३७ साली दाखवून दिले. कोल्चिसीन या द्रव्यामुळे गुणसूत्रांना पेशीच्या दोन टोकांकडे ओढून नेणारे तंतू तयारच होत नाहीत. गुणसूत्रे दुप्पट होतात, पेशी मात्र दुभंगत नाही. हे द्रव्य आपल्या रानातल्या कळलावीतही असते. ते जहाल विष आहे; शाळेत वा शेतावर कोणीही त्याचा प्रयोग करू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

आता कलमाकडे वळू. मोसंबीचे कलम म्हणजे दोन झाडांचा एकत्र संसार. वर मोसंबीचा डोळा, खाली जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट. फळाची जात डोळ्यावरून ठरते. पाणी शोधणे, चुनखडी सोसणे, डिंक्याला तोंड देणे ही कामे बव्हंशी खुंटाची. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात, विशेषतः जालना जिल्ह्यात, मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या. कित्येक वर्षे जोपासलेले झाड सरपणाला जाते तेव्हा एका हंगामाचे नव्हे, एका कुटुंबाच्या उमेदीचे नुकसान होते. तरीही रोप घेताना आपण मोसंबीची जात विचारतो, खुंट कशाचा हे क्वचितच विचारतो.

गुणसूत्रे दुप्पट करण्याचा खरा उपयोग मला या खुंटातच दिसतो. डोळ्याचे झाड बदलले तर फळ बदलते व बाजार बिथरतो. खुंट बदलला तर फळाची जात तीच राहते. फ्रान्स व ब्राझीलमधील संशोधकांचा या विषयावरील प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. चतुर्गुणित रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली व्हॅलेन्सिया जातीची कलमे, पाणी तोडले असता, साध्या खुंटावरील कलमांपेक्षा चांगली तगली. अशा मुळांत ॲबसिसिक आम्ल अधिक तयार होते. त्याच्या प्रभावाने पर्णरंध्रे आवरली जातात आणि पाण्याचा खर्च जपून होतो. याची किंमतही मोजावी लागते. झाडाची वाढ मंदावते, झाड लहान राहते. त्यामुळे लागवड दाट करावी लागेल व एकरी रोपे अधिक लागतील. शिवाय तेथील कुंड्यांत जे साधले ते सेनगाव-औंढ्याच्या हलक्या माळरानावर तसेच साधेल, असे धरून चालता येणार नाही. येथे काही वर्षे चाचणी झाल्यावाचून अशा कलमांना अनुदान देण्याची घाई होऊ नये.

या कामी लिंबूवर्गाने आपल्याला एक सोय करून ठेवली आहे. जंबेरीच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन अंकुर फुटतात. त्यांतील बहुतेक मातेच्याच ऊतींपासून झालेले असतात व मातेचे गुण जसेच्या तसे घेतात. त्यामुळे चतुर्गुणित जंबेरीचे एक झाड हाती आले, की त्याच्या बियांतून तसल्याच खुंटांची रोपे मिळत राहतात. आणि क्वचित औषधावाचूनही, आपोआप, गुणसूत्रे दुप्पट झालेला एखादा अंकुर वाफ्यात उगवतो! त्याची पाने जाड, रुंद व गर्द हिरवी, वाढ मात्र इतरांहून कमी. रोपवाटिकेत विरळणी करताना नेमके हेच रोप खुरटे म्हणून उपटले जाते. एरवी ही विरळणी योग्यच आहे. पण जाड पानांच्या अशा रोपाला खूण करून ते वेगळे ठेवावे आणि कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाला कळवावे. त्याच्या पेशीत गुणसूत्रे १८ आहेत की ३६, हे तपासल्यावरच ते खुंटासाठी राखायचे की टाकायचे, हे ठरविता येईल.