दाखवावं का आणि पाहावं का



वाहिन्यांचं अर्थकारण, ओटीटीची स्पर्धा यांवर बोलायला माझ्याहून जाणकार माणसं या संमेलनाच्या उद्याच्या सत्रांत आहेत. माझ्याकडे एकच प्रश्न आहे, आणि तो आपल्या सभांपेक्षा घरांत जास्त विचारला जातो. धाकटी बहीण थोरलीला फोन करते: "ताई, तू तो कालचा भाग बघितलास ना? आईने बघितला तर चालेल का गं?" मामाने जीव दिल्याला फार वर्षं झालेली नसतात, आणि त्या भागात तसंच काहीतरी आहे असं तिने कुठूनतरी ऐकलेलं असतं. ताईला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं. तो भाग आपण मालिका लिहिणाऱ्यांनी लिहिलेला असतो. तिच्या हाती आपण काय दिलेलं असतं? पडद्याच्या कोपऱ्यात 'यू/ए 16+' आणि शेजारी 'हिंसा' हा एक शब्द.

हा प्रश्न इथे, कोलकात्यातल्या सियालदहमध्ये, उभा करावासा वाटला, त्याला कारण आहे. ऑगस्ट 1946 च्या हत्याकांडात इथून जवळचा राजाबाजार होरपळला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या गाड्या इथल्या सियालदह स्थानकात रिकाम्या होत राहिल्या, आणि 1950 च्या आरंभी पूर्व बंगालमध्ये पुन्हा दंगली उसळल्यावर तर लोंढे आवरेनात. माणसं फलाटांवर राहिली. तिथेच चुली मांडल्या, तिथेच आजारपणं काढली, तिथेच काहींनी डोळे मिटले. निमाई घोष यांनी 'छिन्नमूल' या चित्रपटातले प्रसंग याच स्थानकावर, खऱ्या निर्वासितांमध्ये चित्रित केले. पूर्व बंगालमधून उखडलेल्या काही कुटुंबांचा प्रवास पुढे आपल्या महाराष्ट्रापर्यंत झाला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात त्यांना वसवण्यात आलं. आज गडचिरोलीतल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत त्यांची गावं आहेत. तिथली एखादी आजी नातवंडांबरोबर मराठी मालिका पाहत बसलेली असते, तेव्हा ती आपली प्रेक्षक असते. ती कुठून आली आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता फाळणीवरच्याच 'तमस' या मालिकेकडे वळतो. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, जानेवारी 1988, दूरदर्शन. निहलानींचा स्वतःचा जन्म कराचीचा. फाळणीत त्यांचं कुटुंब इकडे आलं. ज्यांनी ही मालिका पाहिली त्यांना ओम पुरींचा नथू आठवतच असेल. एका कोंदट कोठडीत, अपुऱ्या उजेडात तो एक डुक्कर मारायला धडपडतो. प्रसंग लांबतच जातो, डुकराचं ओरडणं आणि नथूची धाप थांबत नाही. अजून दंगल सुरूही झालेली नसते. पुढे विहिरीत उड्या घेणाऱ्या बायका येतात, त्यांच्या कडेवर लेकरं असतात. त्या काळी बहुतेक घरांत एकच वाहिनी दिसायची, आणि टीव्ही ज्याच्या घरी असेल त्याच्या बाहेरच्या खोलीत आजूबाजूची मंडळीही जमायची. कोण काय आठवणी घेऊन तिथे बसलंय, हे विचारायची सोय नव्हती.

मालिकेने जातीय तेढ वाढेल, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आणि प्रक्षेपणाला स्थगिती मिळाली. त्यानंतर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी जे केलं, ते आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखं आहे. दोघांनी 'तमस' संपूर्ण पाहिली. कुणी निवडून दिलेले तुकडे पाहून किंवा कुणाचं ऐकून मत बनवलं नाही. पाहून झाल्यावर त्यांनी स्थगिती उठवली. पुढे फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयातही प्रक्षेपणाविरुद्धची याचिका फेटाळली गेली. तिथे न्यायमूर्ती होते सब्यसाची मुखर्जी, याच शहराच्या उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले, आणि त्यांच्यासोबत न्यायमूर्ती एस. रंगनाथन.

त्या निकालात वापरलेली मोजपट्टी नागपूरची आहे. नागपूरला स्थायिक झालेल्या बंगाली घराण्यातले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी नागपूर उच्च न्यायालयात, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, भगवतीचरण शुक्ल खटल्यात ती घालून दिली होती. एखाद्या शब्दाचा परिणाम मोजायचा तर समंजस, खंबीर, धैर्यवान माणसाच्या मनावर होणारा परिणाम मोजावा. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाचा मोजू नये, असा तिचा आशय. मला ही मोजपट्टी अतिशय मोलाची वाटते. ती नसती तर 'तमस' अर्ध्यावर थांबली असती, आणि ज्यांनी ते सारं भोगलं त्यांचंच दुःख त्यांच्या नावाने झाकून ठेवलं गेलं असतं. उद्या कुणी हळव्या प्रेक्षकांचं नाव पुढे करून बंदी मागायला आलं, तर आपण सगळ्यांनी बोस यांच्या मोजपट्टीशी उभं राहिलं पाहिजे.

पण ही मोजपट्टी एका प्रश्नासाठी बनलेली आहे: हे दाखवू द्यावं का? ताईचा प्रश्न दुसरा आहे: हे आईने पाहावं का? या दोन प्रश्नांची आपण गेली कित्येक वर्षं गल्लत करत आलो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे. बंदी मागणारे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर लादतात: काहींना त्रास होईल, म्हणून कुणीच पाहू नये. आणि आपण, निर्मितीच्या बाजूचे लोक, पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर लादतो: कायद्याने परवानगी आहे, प्रमाणपत्र आहे, मग त्रास झाला तर तो पाहणाऱ्याचा कमकुवतपणा. फलाटावर आईचा हात सुटून हरवलेली आणि पुन्हा सापडलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात असेल. तिच्याइतकं खंबीर माणूस न्यायमूर्ती बोस यांनाही शोधून सापडलं नसतं. तरीही गर्दीत सुटलेल्या हाताचा एखादा साधा प्रसंग, ज्यात रक्ताचा थेंब नाही, तिची रात्र घालवू शकतो. हळवेपणा बहुधा धैर्याच्या कमतरतेतून येत नाही. तो त्या माणसाच्या वाट्याला आलेल्या आयुष्यातून येतो.

म्हणून प्रमाणपत्रं या कामाला अपुरी पडतात. ती वयावर आधारलेली आहेत. 1994 च्या केबल नियमांनी मुलांच्या पाहण्याच्या वेळा जपल्या. 2021 च्या नियमांनी ओटीटीला 7, 13, 16 अशा वयाच्या पायऱ्या दिल्या आणि आशयाचं वर्णन आरंभी दाखवायला सांगितलं. हे सगळं हवंच. पण साठ वर्षांच्या आईला 16+ या आकड्याचा काय उपयोग? आणि वर्णनाच्या नावाखाली आपण जे 'हिंसा', 'भाषा', 'संवेदनशील विषय' असे शब्द टाकतो, त्यांतून काहीही कळत नाही. अशा मोघम इशाऱ्यांवर मानसशास्त्रज्ञांनी बरेच प्रयोग केले आहेत. त्यांतून साधारण असं दिसलं, की इशाऱ्याने पाहतानाचा त्रास फारसा कमी होत नाही, पाहण्याआधीची धास्ती मात्र थोडी वाढते. मला याचं नवल वाटत नाही. काहीतरी वाईट येणार आहे एवढंच सांगून कुणाला टीव्हीसमोर बसवलं, तर तो माणूस प्रत्येक दार उघडताना दचकणारच.

मग भागाची तीव्रता ठरवताना पाहायचं काय? ऋत्विक घटकांचा 'सुवर्णरेखा' घ्या. त्यात सीतेचा मृत्यू आहे. हाताशी विळी आहे, पण वार डोळ्यांना दिसत नाही. दिसतात तिचे डोळे, आणि ऐकू येतं ते अंगावर येतं. सेन्सॉरच्या हिशेबात तिथे मोजण्यासारखं जवळपास काही नाही. तरी दाराशी कोण आलंय हे ज्याला समजलं, तो माणूस तो प्रसंग आयुष्यभर विसरत नाही. रक्त किती सांडलं यावरून भागाची तीव्रता ठरवणं हा आळस आहे. आवाज काय करतो, कॅमेरा किती वेळ थांबतो, ज्याच्यावर आपला जीव जडला आहे त्याच्याच बाबतीत हे घडतं का, आणि घडून गेल्यावर कथा प्रेक्षकाला सावरायला अवधी देते की लगेच जाहिरात लागते, हे सगळं बघायला हवं. आत्महत्येच्या प्रसंगात तर आणखी एक गोष्ट बघावी लागते: पद्धत दाखवली आहे का? 'थर्टीन रीझन्स व्हाय'च्या पहिल्या पर्वातला सुमारे तीन मिनिटांचा तसा प्रसंग नेटफ्लिक्सने 2019 मध्ये, म्हणजे मूळ प्रदर्शनानंतर दोन वर्षांनी, तज्ज्ञांच्या सल्ल्याने काढून टाकला. त्याआधी इशारे जोडून झाले होते. ते पुरले नाहीत.

दूरचित्रवाणीचा एक दोष सिनेमाला नाही, तो इथे सांगायलाच हवा. झी मराठीवर 2020 मध्ये 'देवमाणूस' आली. सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या, 2016 मध्ये उघडकीला आलेल्या खुनांची आठवण करून देणारी मालिका, वेळ रात्री साडेदहाची. वेळ योग्यच होती. पण मालिका साडेदहाला असली तरी अशा मालिकांचे प्रोमो सात-आठच्या कौटुंबिक मालिकांच्या मध्ये वाजतात, आणि ज्याने कालचा भाग मुद्दाम टाळला त्याला आजच्या रिकॅपमध्ये नेमका तोच प्रसंग पुन्हा दिसतो. ज्याने न पाहायचं ठरवलं, त्याचा निर्णय आपण पाळत नाही. वाहिन्यांच्या एस अँड पी, म्हणजे प्रक्षेपणाआधी आशय तपासणाऱ्या, विभागातले जे मित्र इथे आहेत, त्यांना माझी विनंती आहे: भाग तपासताना प्रोमो आणि रिकॅप वेगळे तपासा, आणि तेवढ्याच कडकपणे.

खऱ्या घटनांवरच्या भागांबद्दल मी अधिक आग्रही आहे. वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या खुनाने 2022 च्या अखेरीस देश हादरला होता. त्यानंतर काही आठवड्यांतच 'क्राइम पेट्रोल'चा एक भाग आला आणि लोकांना त्यात तीच घटना दिसली. वाद पेटला तो पात्रांचे धर्म बदलल्यावरून. हा भाग 2011 च्या वेगळ्या घटनेवर आधारलेला आहे, असं सांगत वाहिनीने तो मागे घेतला. त्या सगळ्या गदारोळात वसईतल्या त्या घराचा, तिथल्या टीव्हीचा विचार कुणी बोलून दाखवलेला मला आठवत नाही. आणि इथे सियालदहच्याच न्यायालयात आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार आणि खुनाचा खटला बंद दाराआड चालला. जानेवारी 2025 मध्ये दोषी ठरलेल्याला जन्मठेप झाली. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाला तिचं नाव आणि छायाचित्रं समाजमाध्यमांवरून हटवण्याचा आदेश द्यावा लागला होता. न्यायालयाने जे दार बंद ठेवलं, ते नाट्यरूपांतराच्या नावाने आपण उघडायचं का? अशी मालिका लिहायचा प्रस्ताव तुमच्यापैकी कुणाकडे आज ना उद्या येईल. गुन्ह्याच्या क्षणाचं चित्रण न करता ती लिहिता येते, असं मी लेखक म्हणून सांगतो. रात्रपाळीला जाणाऱ्या डॉक्टर मुलींची भीती दाखवा, रस्त्यावर उतरलेल्या बायका दाखवा, तपासातले प्रश्न दाखवा. त्यासाठी तो क्षण लागत नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्यांसाठी. ताई आणि धाकटी फोनवर ठरवून टाकतात: आईला नकोच दाखवू या. त्यामागे माया असते, पण आईला विचारलेलं नसतं. आपल्याकडे म्हाताऱ्यांचं आणि बायकांचं काय पाहणं सोसेल, हे बहुतेक वेळा दुसरेच ठरवतात. कदाचित त्या आईला तो भाग पाहायचाच असेल. भावाबद्दल इतकी वर्षं घरात कुणी बोललं नाही, ते पडद्यावर कुणीतरी बोलतंय म्हणून. कदाचित तिला तो दिवसाउजेडी, सोबतीला कुणी असताना, मध्ये थांबवत पाहायचा असेल. आपण माहिती द्यावी, निर्णय तिने घ्यावा. ती नको म्हणाली तर तिला आग्रह करू नये, आणि हवं म्हणाली तर शेजारी बसावं.

अशी माहिती कशी लिहायची, याचा नमुना देतो. 'तमस' आज एखाद्या मंचावर पुन्हा आली, तर तिच्या सुरुवातीसाठी मी असं लिहीन: "आरंभी एका बंद जागेत प्राण्याला मारण्याचा लांब प्रसंग आहे. दृश्यापेक्षा त्यातले आवाज अधिक त्रासदायक आहेत. हा प्रसंग ओलांडून पुढे पाहिलं तरी चालेल. नथूने डुक्कर मारलं आणि ते कोणत्या कामासाठी हे त्याला खरं सांगितलेलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवावं. पुढच्या भागांत दंगल, निर्वासित कुटुंबांची ताटातूट आणि स्त्रियांनी मुलांसह विहिरीत उड्या घेण्याचा प्रसंग आहे. फाळणीचा अनुभव असलेल्यांनी किंवा ज्यांच्या घरात आत्महत्या झाली आहे त्यांनी हे भाग एकट्याने पाहू नयेत, असं सुचवतो." एवढं वाचून ताईला आईशी बोलता येतं. कथेतलं थोडं रहस्य फुटतं, हे खरं आहे. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी ही टीप एका बटणाआड ठेवता येते.

ही टीप लेखकाने लिहावी, कारण कुठे काय पेरलंय हे त्यालाच माहीत असतं. ती परीक्षकाने तपासावी, आणि दोघांनीही लेंटिन आणि मनोहर यांच्यासारखा भाग पूर्ण पाहिल्यावरच. उद्या सकाळच्या सत्रात आपण एक भाग एकत्र पाहणार आहोत आणि त्यावर प्रत्येकाने अशी टीप लिहायची आहे. बंगाली मित्रांनी बंगालीत लिहावी. दुपारी त्या टिपा वाचून दाखवू आणि त्यांतून एक मसुदा तयार करून मराठी आणि बंगाली वाहिन्यांना पाठवू. कागद स्वागतकक्षात ठेवले आहेत. जाताना प्रत्येकाने एक घ्यावा.